आरोग्यधामातली माय

सुखवंताबाईंचे ओठ उलले होते. धनवंतानं पाण्याचा गडवा त्यांच्या तोंडापाशी नेला, तशी त्यांनी मान भिंतीकडं फिरवली.

"माय, घोटभर घ्या नं जी."

म्हातारीनं दात आवळले. नजर मात्र गडव्यावरून हलेना. धनवंतानं गडवा खाली ठेवला तर नजर खाली गेली, वर धरला तर वर आली. तहान लागलेली होती आणि प्यायचं नव्हतं. हे काय गौडबंगाल आहे ते धनवंताला कळेना.

ती आज इथं येणार नव्हतीच. शेजारच्या बायांसोबत गोंदियाला लग्नाची लुगडी घ्यायला आली होती. पण बायका दुकानात बसल्या आणि तिचा जीव लागेना. मागच्या रविवारी तिचा नवरा डोमनलाल आईला भेटून आला तेव्हा म्हणाला होता, "मस्त आहे माय. पांढरं लुगडं, केस विंचरलेले, पडवीत खुर्चीवर बसवली होती." मग जरा थांबून म्हणाला होता, "बोलली नाही पण." ते "बोलली नाही" धनवंताच्या मनातून जाईना. लकवा मारल्यावर सासूची उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, तरी घरी असताना ती बोलायची थांबली नव्हती. अर्धे शब्द, अर्धे हातवारे, पण दिवसभर हुकूम चालू. पोळ्यापासून आरोग्यधामात ठेवेपर्यंत धनवंतानंच तिचं हागणंमुतणं काढलं होतं. सासूचा प्रत्येक तुटका शब्द तिला कळायचा.

फाटकावरचा माणूस म्हणाला, "इतवार को आना." ती वळून मागच्या बाजूला गेली. तिथं विहिरीवर चादरी धुणं चाललं होतं. ओल्या चादरींच्या आडून ती आत शिरली.

"पानी काऊन नोको, माय?"

सुखवंताबाईंनी दाराकडं पाहिलं. मग जड जिभेनं एकेक शब्द काढला. "पेली... का ओलं होते. मंग... बांधते."

"कोन बांधते?"

धनवंतानं सासूच्या अंगावरचं कांबळं उचललं. आधी वास आला. मग दिसलं. डाव्या पायाच्या, म्हणजे धडधाकट पायाच्या घोट्याभोवती कातडी सोलली होती, काथ्याच्या दोरीचे धागे जखमेला चिकटले होते. तिनं सासूला हळूच कुशीवर वळवलं. कमरेच्या खाली मूठ मावेल एवढा खड्डा पडला होता. दंडावर चार बोटांचे काळे डाग.

पलीकडच्या खाटेवर एक बाई भिंतीकडं तोंड करून पडली होती. ती न वळताच कुजबुजली, "झाक वो बाई, झाक. ते आली."

किल्ल्यांचा जुडगा वाजला. तो आवाज आला मात्र, आणि सुखवंताबाईंच्या खालची चटई ओली झाली. धनवंतानं ते पाहिलं. ही बाई, जिच्या एका हाकेनं खळ्यावरचे गडी ताठ उभे राहायचे, जिला धनवंता स्वतः लग्नापासून आजवर भीत आली होती, ती किल्ल्यांच्या आवाजानं मुतली.

सेविका शकुंतलाबाई दारात उभी होती. "कोनं सोडलं तुले आत?" आणि मग ओळखून, आवाज मऊ करून, "अवो, पटलेबाई! रविवारी यायचं नं. आज मालिश राह्यते."

"पाठ सडली आहे मायची."

"लकव्याच्या माणसाले होतेच ते. पडून पडून होते."

"आन पायाची दोरी?"

"झोपेत पडू नये म्हणून बांधतो जी. आपल्याच चांगल्यासाठी."

प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. एकट्या उत्तराकडं पाहिलं तर खरंच वाटावं असं. पण उत्तर देताना शकुंतलाबाईचा हात म्हातारीच्या दंडावर गेला, आणि त्या काळ्या डागांवर तिची चारही बोटं नेमकी बसली.

तेवढ्यात आरोग्यधाम चालवणारे वैद्य उदाराम आले. पांढरंशुभ्र धोतर, कपाळावर गंध. आमगावच्या सभेत याच माणसाच्या शेजारी डोमनलाल बसला होता आणि दोन्ही हात वर करून म्हणाला होता, माझी माय इथं ठेवतो आहे, तुम्हीही ठेवा. गावचा पंच बोलला म्हटल्यावर आजूबाजूच्या गावांतली कितीतरी म्हातारी माणसं इथं आली.

"बहूजी, कुछ शिकायत है क्या?"

"मायले घरी नेतो."

"जरूर. डोमनलालजींनी ठेवलं, डोमनलालजी येतील, घेऊन जातील. बाईमाणसाच्या हाती पेशंट देता येत नाही." मग ते हसले, सुखवंताबाईंच्या उशाशी बसले, त्यांच्या कपाळावर हात ठेवला. "और देखिए, इनको दूसरा झटका कभी भी आ सकता है. घरच्यांनी आरडाओरड केली, मनाला धक्का बसला, तर काय होईल, भगवान जाने. है ना, माताजी?"

सुखवंताबाईंनी डोळे मिटून घेतले.

धनवंताला कळलं. माय यांच्या हातात आहे. मी दारातून बाहेर पडले की दार यांचं. तिनं पदर नीट केला, हात जोडले, आणि हसली. "नाई जी, शिकायत कायची? चांगलं ठेवलं आहे तुमी. घरी सांगतो तसं."

निघताना तिनं मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय उचलला नसता.

*

संध्याकाळी खळ्यावर धान चुरणं थांबवून दोघं भाऊ ओसरीवर आले. चूल वेगळी झाल्यापासून डोमनलाल आणि बिसनलाल एका ओसरीवर क्वचितच बसत. बिसनलालची बायको शामकला दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. धनवंताशी तिचं पटत नव्हतं, आणि ते ती लपवतही नव्हती.

धनवंतानं पाहिलं ते सगळं सांगितलं. किल्ल्यांचा आवाज आणि ओली चटईही सांगितली.

बिसनलाल उठलाच. "लाठ्या घ्या. दहा गडी घेऊन जातो. त्या बुवाची मानगूट धरून मायले आनतो."

"बस," डोमनलाल म्हणाला. तो बायकोकडं पाहत नव्हता. "म्हातारं माणूस आहे. पडून राहिलं का पाठ सडते. मी सोता पाह्यलो नं रविवारी. साजरी होती."

"पडवीत बसवली होती," धनवंता म्हणाली. "तुमी पाठ पाह्यले? पाय पाह्यले?"

"लेकानं मायचे पाय उघडून पाहाचे?"

"तेच त्याईले माहीत आहे! म्हणून लेकालेच भेटू देते, सुनेले नाई."

डोमनलालच्या कपाळावर शीर उठली. धनवंताला नवरा ठाऊक होता. तो आईवर जीव टाकणारा होता. पण आमगावच्या सभेत तो हात वर करून बोलला होता. आता बायकोचं खरं मानायचं म्हणजे आपल्या शब्दावर जिथं जिथं म्हातारी माणसं ठेवली गेली, त्या प्रत्येक घरी जाऊन उभं राहायचं. तो मानत नव्हता, कारण मानलं तर उभं राहायला जमीन उरत नव्हती.

"मी उद्या जातो. वैद्यजीशी बोलतो," तो म्हणाला.

"जाऊ नोका!" धनवंता एवढ्या मोठ्यानं ओरडली की बैलांनी माना वर केल्या. "तुमी बोलून परत याल, आन माय तिथंच राहील. थो मायच्या डोक्यावर हात ठेवून माले म्हणाला, दुसरा झटका कवाही येईल. समजलं का तुमाले, काय म्हणाला थो?"

ओसरीवर फक्त धानाची धूळ तरंगत होती.

"मंग कराचं काय?" बिसनलालनं विचारलं. "लाठ्याबी नोको, बोलनंबी नोको."

"कोर्ट. गोवर्धन वकिलाकडं जाचं. पोलीस घेऊन जाचं. त्यानं मायले लपवाच्या आधी, मागच्या फाटकातून, समोरच्या फाटकातून, एकदमच. मंग सरकारी डाक्टरले दाखवाचं, जखमा लिहून घ्याच्या."

"डाक्टरले दाखवाचं म्हणजे?" बिसनलालचा आवाज बदलला. "मायचं आंग? परक्या माणसाले?"

"नाई तर पुरावा कायचा?"

"ते होनार नाई." तो भावाच्या शेजारी जाऊन बसला. आत्ता लाठी उगारणारा माणूस क्षणात पलीकडं गेला. "पोवाराच्या घरची बाई कोर्टात उघडी करनार तू, वयनी? दादा म्हणते तेच बरं. बोलून पाहू."

दोघं भाऊ कित्येक वर्षांनी एका बाजूला बसलेले पाहून धनवंताला रडू फुटायचं बाकी राहिलं. ती एकटी उभी होती. तिथं गोंदियात आता शकुंतलाबाई किल्ल्या वाजवत असेल. आपण हसून आलो ते त्यांना पटलं असेल का? नसेल पटलं तर?

"दाखवा डाक्टरले," चौकटीपासून आवाज आला. शामकला होती. "ज्यानं दोरी बांधली त्याले लाज नाई आली. मंग पाहनाऱ्याले कायले?"

"तू गप राह्य," बिसनलाल म्हणाला.

"काऊन गप राहू? उद्या मी म्हातारी होईन. माले तुमी कोठं ठेवाल, आन कोन पाह्यला येईल, हे आजच समजून राहिलं माले." तिनं पदर खोचला. "दीदी, मी येतो उद्या तुमच्यासंगं. हे दोघं येवोत का न येवोत."

धनवंतानं शामकलाकडं पाहिलं.

*

सकाळी डोमनलालचं अंथरूण गुंडाळलेलं होतं. काठी नव्हती, पायताण नव्हतं. गड्यानं सांगितलं, मालक पहिल्या गाडीनं गोंदियाला गेले.

धनवंता अंगणातच बसली. गेला तो. आता उदारामपुढं जाऊन सांगेल, माझी बायको असं असं म्हणते, खरं काय ते सांगा. आणि संध्याकाळच्या आत माय...

"उठा," शामकला म्हणाली आणि तिनं दंडाला धरून उठवलं. बिसनलालही निघाला. भाऊ एकटाच गेला हे त्याला लागलं होतं. पुढच्या गाडीत तिघं बसले. गाडी प्रत्येक ठेसनावर थांबत होती, आणि धनवंताला वाटत होतं की खाली उतरून धावत जावं.

गोवर्धन वकिलांनी तिला मधेच तोडलं नाही. सगळं ऐकून त्यांनी मोजकेच प्रश्न विचारले. दोरी कशाची होती? जखम जुनी की ताजी? सासूनं स्वतः काय शब्द उच्चारले? घरी नेते म्हटल्यावर वैद्य नेमकं काय म्हणाला?

"मारहाण सिद्ध करायला वेळ लागेल," ते म्हणाले. "पण माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध डांबून ठेवलं आहे, एवढं आज सांगता येतं. तशा माणसाला शोधून समोर आणण्याचं झडतीचं वॉरंट मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. आजच मागू. तुम्हाला शपथेवर सांगावं लागेल. सांगाल?"

"सांगीन जी."

गोंदिया मुंबई राज्यात गेल्याला वर्ष उलटलं होतं, तरी कचेरीतला कारभार अजून हिंदीतच चालायचा. अर्ज हिंदीत लिहिला गेला, वाचून दाखवला गेला, धनवंतानं अंगठा केला. मॅजिस्ट्रेट तरुण होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तुमच्या सासूला मुलानंच तिथं ठेवलं. मग हे डांबणं कसं झालं, बाई?"

कठड्याला धरून ती म्हणाली, "लेकानं इलाजाले ठेवलं जी, साहेब. बांधाले नाई ठेवलं. मी म्हटलं घरी नेतो, तर देल्लं नाई. आन मायले तर कोनीच नाई इचारलं, तुले राहाचं का जाचं."

साहेबांनी वकिलांकडं पाहिलं, पुन्हा तिच्याकडं पाहिलं, आणि सही केली.

जमादार आणि दोन शिपाई घेऊन ते आरोग्यधामाच्या फाटकातून आत शिरले, तेव्हा धनवंता सगळ्यांच्या पुढं होती. खोलीचं दार तिनंच ढकललं.

खाट रिकामी होती. फरशी ताजी धुतलेली. खाटेवर नवी चादर, घडी न मोडलेली.

"सुखवंताबाई?" शकुंतलाबाई म्हणाली. "त्याईचा लेक आल्ता सकारी. थो घेऊन गेला."

बिसनलालनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "दादा! काय केलं हे!" धनवंताच्या कानात नुसती भणभण सुरू झाली. काल आणायला तयार नव्हता, तो आज घरी कसा नेईल? मग कुठं? ती त्या नव्या चादरीकडं पाहत राहिली. मेलेल्या माणसाची खाट अशीच धुतात.

पलीकडच्या खाटेवरची बाई आज पहिल्यांदा वळली. रुख्मा तिचं नाव, ते पुढं कोर्टात समजलं. शकुंतलाबाई तिच्याकडं रोखून पाहत होती, तरी तिनं कांबळ्यातून एक हाडकुळा हात बाहेर काढला आणि मागच्या बाजूला दाखवला.

धनवंता धावली. विहिरीपाशी, वाळत घातलेल्या चादरी हातानं फाडल्यासारख्या बाजूला करत, मागच्या फाटकाशी.

तिथं बैलगाडी उभी होती. गाडीत तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा ढीग. गाडीपुढं, दोन बैलांच्या मधोमध, जू छातीशी कवटाळून डोमनलाल उभा होता. सदरा खांद्यापासून फाटलेला, भुवईतून रक्त वाहत होतं. समोर मालिशवाला चैतराम काठी घेऊन उभा, आणि त्याच्या मागं वैद्य उदाराम, पांढऱ्या धोतरात, अजूनही हळू आवाजात समजावत होते, "डोमनलालजी, तमाशा मत कीजिए."

"माय तणसात आहे," डोमनलाल बायकोला पाहून म्हणाला. त्याचा आवाज त्याचा वाटत नव्हता. "मी जू सोडलो नाई."

शिपायांनी काठी हिसकावली. धनवंता चाकावर पाय देऊन चढली आणि दोन्ही हातांनी तणस उपसू लागली. आधी पाय लागला. गार होता. मग तोंड दिसलं, फडकं कोंबलेलं. तिनं फडकं ओढलं. सुखवंताबाईंनी खोल, घरघरता श्वास घेतला.

"आहे!" धनवंता ओरडली. "जित्ती आहे माय!"

गाडीच्या मागं भुईवर बसकण मारून डोमनलाल बिसनलालला सांगत होता, पुन्हा पुन्हा तेच. "मी म्हटलो, मायची पाठ दाखवा. मनातून वाटत होतं, पाठ चांगलीच निघंल, आन मी घरी जाऊन हिले बोलीन. तर म्हणाला, मालिश होऊ द्या, दुपारपर्यंत बसा, चाय घ्या, तयार करतो. मी चाय पेऊन राहिलो होतो, बिसन. मी समोर चाय पेऊन राहिलो होतो, आन मागं मायले तणसात टाकून राहिले होते." गाडीची घुंगरं वाजली म्हणून तो सहज मागं आला होता. तणसातून पाऊल बाहेर आलेलं होतं. आईचं पाऊल त्यानं ओळखलं.

बिसनलालनं आपल्या धोतराचा सोगा फाडून भावाच्या भुवईवर दाबून धरला.

*

खटला उभा राहिला. सरकारी डॉक्टरांनी कठड्यात उभं राहून प्रत्येक जखम सांगितली, कुठं, किती खोल, कशानं झालेली. अंथरुणावर पडून झालेली जखम वळवून, धुऊन टाळता येते. न वळवणं हाच इथं गुन्हा आहे, असं ते म्हणाले. दोरीची आणि बोटांची खूण पडून राहून होत नाही, असंही म्हणाले. रुख्मा बोलली. झडतीच्या दिवशी सुटलेली आणखी काही माणसं बोलली. काही बोलली नाहीत. त्यांची मुलं त्यांना कोर्टात घेऊन आलीच नाहीत.

डोमनलालच्या उलटतपासणीला उदारामांचा नागपूरचा वकील उभा राहिला. "आमगावच्या सभेत या संस्थेची तारीफ कुणी केली होती?"

"मी."

"तेव्हा खोटं बोललात, की आज खोटं बोलता?"

डोमनलालनं भरलेल्या कचेरीकडं पाहिलं. त्यात त्याच्या शब्दावर आईबाप ठेवलेली माणसं बसली होती. "तवा पाह्यल्याबिगर बोललो," तो म्हणाला. "आज पाहून बोलून राहिलो."

मग सुखवंताबाईंची पाळी आली. दोघं मुलांनी, अंगाला हात न लावता, खुर्चीसकट उचलून आणलं. धनवंता शेजारी उभी राहिली तर वकील उठला, सून शिकवेल म्हणाला. तिला मागं जाऊन बसावं लागलं. आता ते तुटके शब्द साहेबांना कळतील का? न कळले तर? आणि समोर उदाराम बसले होते. गंध लावून, शांत, थोडे हसत. ते म्हातारीकडंच पाहत होते.

"घाबरू नका," साहेब म्हणाले. "सांगा."

सुखवंताबाईंनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. पुन्हा उघडलं. कचेरीत कुजबुज सुरू झाली. मग खुर्चीखालून पाण्याची धार फरशीवर आली आणि हळूहळू साहेबांच्या मेजाकडं सरकू लागली.

धनवंता झटकन उठली, अंगावरचं कांबळं घेऊन पुढं धावली. "माय, झाकतो जी, थांबा..."

सुखवंताबाईंनी डावा हात वर केला. तोच जुना हात, खळ्यावर गड्यांना थांबवणारा. धनवंता जागीच थांबली.

"ओली झाली," म्हातारी म्हणाली. प्रत्येक शब्द ती ओढून काढत होती, पण सगळ्यांना कळत होता. "साहेब. याले... पाहून होते." तिचं बोट उदारामांकडं वळलं, मग शकुंतलाबाईकडं. "ओली झाली... का हे बांधे. पानी नाई देये. थो... पाहे. उभा राहून पाहे."

कुजबुज थांबली होती. साहेबांनी लिहायची लेखणी खाली ठेवली. शिरस्तेदाराला म्हणाले, "बाईंना पाणी द्या." आणि पाणी पिऊन होईपर्यंत कुणालाही बोलू दिलं नाही.

वैद्य, सेविका आणि चैतराम, तिघांनाही कैद झाली. आरोग्यधामाला कुलूप लागलं. पण उदारामांनी अपील केलं आणि निकाल लागेपर्यंत ते जामिनावर सुटले. ते महिने घरानं कसे काढले ते घरालाच माहीत. कुणीतरी त्यांना आमगावच्या ठेसनावर पाहिलं म्हणून सांगितलं की धनवंता भर दुपारी दार लावून घ्यायची. शामकला आपलं शिवणटिपण घेऊन इकडंच येऊन बसायची, म्हणायची, तिकडं उजेड कमी आहे. भंडाऱ्याच्या वरच्या कोर्टानं शिक्षा कायम केली, त्या दिवशी कुठं दार उघडं राहिलं.

पाठीची जखम भरायला त्याहून जास्त काळ लागला. भीती तर जखमेसारखी भरतही नव्हती. सुखवंताबाई धनवंताच्या हातून सगळं करून घेत, शामकलाच्याही. पण पुरुषमाणसाची सावली दारात पडली की त्यांचं अंग आखडायचं, डोळे मिटायचे. घरी डोमनलाल पहिल्यांदा त्यांना अंथरुणावरून उचलायला गेला, तेव्हा त्या हाताच्या आड तोंड लपवून विव्हळल्या. तो बाहेर आला आणि बराच वेळ बैलांना चारा घालत राहिला, घातलेल्या चाऱ्यावरच पुन्हा घालत राहिला.

तेव्हापासून त्यानं एक रीत धरली. खोलीत जायच्या आधी तो अंगणातूनच सांगायचा, "माय, मी डोमन आहो. इथं उभा आहो. आत येऊ का?" उत्तर आलं नाही की जायचा नाही. उन्हात उभा राहायचा, मग आपल्या कामाला निघून जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. गावातले लोक पाहायचे. पंचमाणूस स्वतःच्या घराच्या दारात पाव्हण्यासारखा उभा राहतो म्हणून हसायचेही. त्यानं कुणाला उत्तर दिलं नाही.

धान पुन्हा लोंबीवर आलं होतं. धनवंता सासूचे केस विंचरत होती. अंगणातून आवाज आला.

"माय, मी डोमन आहो. आत येऊ का?"

धनवंताचा हात थांबला. सासूचे खांदे आखडलेले तिला बोटांखाली जाणवले. नेहमीसारखे. मग ते सैल झाले. सुखवंताबाईंनी जड जीभ ओठांवरून फिरवली.

"कायले इचारते?" त्या म्हणाल्या. "ये."